झाकलेला टाका

काही कामांच्या नशिबी झाकले जाणेच लिहिलेले असते. घराच्या पायातला दगड, वाकळेच्या पोटातले थर, सदऱ्याच्या कॉलरमधली घडी आणि मोटारीच्या पोटाखालचा जोड, ही सगळी एकाच कुळातली. ती नीट झाली तर त्यांचे कोणी नाव काढत नाही आणि नीट झाली नाहीत तरी पुष्कळ दिवस कोणाला पत्ता लागत नाही. अशा कामात माणसाने प्रामाणिक का राहावे, हा प्रश्न मला यंदा दसऱ्याच्या आधी एका मिस्त्रींनी विचारला. त्यांनी तो तत्त्वज्ञान म्हणून विचारला नव्हता. ते आपले दर सांगत होते.

आमची जीप वडिलांच्या वेळची आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडच्या गावी जायचे आणि चार दिवसांनी पुन्हा घाट चढून कोल्हापूरला यायचे, एवढाच तिचा आताचा संसार. पण कोकणचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. या खेपेला परतताना मागून डाव्या अंगाला कुरकुर ऐकू येऊ लागली. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडी उचलून धरली, तारेच्या ब्रशने चिखल झाडला आणि दिवा आत घातला. मागचे पाटे जिथे चासीला टांगलेले असतात तिथे बोटभर लांबीचा तडा होता.

मिस्त्री म्हणाले, "सर, दोन दर आहेत. वरून पट्टी मारून रंग देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जावा. नाहीतर सगळं उघडून करतो. चार दिवस लागतील, पैसे तिप्पट. रंग मारल्यावर दोन्ही सारखंच दिसणार बघा. दिसण्यापुरतं करू का टिकण्यापुरतं?"

याचे उत्तर द्यायला वेळ लागण्याचे काही कारण नव्हते. घाटात मी एकटा नसतो. मागे घरची माणसे असतात. तरीही मी जरा जास्तच वेळ गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यामागे एक जुनी गोष्ट होती. तिच्याकडे येण्याआधी चासीची थोडी ओळख करून देणे भाग आहे.

जीपची चासी म्हणजे जमिनीला समांतर धरलेली एक लोखंडी शिडी. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन तिच्यावर बसते, चाके तिला टांगलेली असतात आणि वरचा सगळा पत्र्याचा थाट तिच्या जिवावर उभा असतो. फियाट किंवा अँबॅसडर यांसारख्या मोटारींत अशी वेगळी शिडी नसे. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि बाजूचे खांब मिळून गाडीचा सांगाडा होई. आजच्या बहुतेक लहान गाड्याही त्याच घडणीच्या आहेत. म्हणून जीपच्या दाराचा पत्रा गंजला तर ती शोभेची हानी असते. पण या दुसऱ्या जातीच्या गाडीत दाराखालची पट्टी कुजली, तर कणा कुजला असे समजावे.

आता या कण्याला टाका घालायचा कसा? आपल्याला वाटते, तडा गेला आहे ना, मग त्यावर जाडजूड लोखंडी पट्टी ठेवावी आणि चारी बाजूंनी वेल्डिंगचा धागा फिरवावा. जितकी पट्टी जाड तितकी गाडी भक्कम! मलाही तसेच वाटत होते. मिस्त्रींनी मान हलवली. ते म्हणाले, जाड पट्टी स्वतः तुटत नाही, शेजारच्याला तोडते. तुळई रस्त्यावर किंचित लवत असते आणि त्या लवण्यात तिचे आयुष्य असते. मध्येच एक जागा ताठ करून टाकली, की सगळा ताण त्या ताठ जागेच्या कडेवर येऊन थांबतो आणि पुढचा तडा तिथे जातो.

हे ऐकताना मला आईची आठवण झाली. वाकळ शिवताना ती विरलेल्या लुगड्याला कधी कोऱ्या मांजरपाटाचे ठिगळ लावत नसे. म्हणायची, "नवं ठिगळ जुन्याला फाडतं." तिला लोखंडाची विद्या येत नव्हती, पण ताणाची येत होती.

म्हणून पट्टी मूळ तुळईच्याच जातीच्या आणि साधारण तेवढ्याच जाडीच्या लोखंडाची घ्यायची. तिची टोके सरळ उभी कापायची नाहीत, निमुळती ठेवायची. दिवाळीचे दिवस आहेत म्हणून सांगतो, आकार शंकरपाळीसारखा लांबट. उभ्या कापलेल्या पट्टीचा जोड तुळईच्या आरपार एका रेषेत जातो, आणि त्याच रेषेवर ती मोडायला सोपी होते. शंकरपाळीच्या तिरप्या कडा ताण हळूहळू वाटून घेतात.

पट्टी लावण्याआधी तड्याचे शेवट शोधायचे आणि तिथे बारीक गोल भोक पाडायचे. तड्याचे अणकुचीदार टोक पुढे सरकत राहते. गोल भोकापाशी त्याची धार बोथट होते. मग तडा ग्राइंडरने खोल उकरायचा, तळापासून भरून काढायचा, वरचा उंचवटा घासून सपाट करायचा आणि त्यानंतर पट्टी. रंग, गंज, तेल, जस्ताचा मुलामा सगळे खरवडून लोखंड चकचकीत करायचे, कारण घाणीवर बसलेला टाका नुसता चिकटलेला असतो. शिवाय जळत्या जस्ताचा धूर नाकात गेला तर वेल्डरला ताप भरतो. रॉड कोरडे हवेत. ओल धरलेल्या रॉडमधून हायड्रोजन तापल्या लोखंडात शिरतो आणि काम संपून सगळे घरी गेल्यावर, काही तासांनी, आतल्या आत चीर पाडतो. टाके थोडेथोडे, जागा बदलत घालायचे, नाहीतर उष्णतेने चासी वाकते. लोखंड आपोआप निवू द्यायचे. घाईने पाणी मारायचे नाही.

याच्याही आधीचे काम सुरक्षिततेचे. बॅटरीची तार सोडायची. पेट्रोलची टाकी आणि नळ्या दूर करायच्या. गालिचे, सीटा, वायरी बाजूला घ्यायच्या. वाळूची बादली आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवायचे. काम झाल्यावरही एकाने तिथे थांबायचे, कारण कापसातली ठिणगी लगेच भडकत नाही. गाडी नीट टेकूंवर बसवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापे घ्यायची. ती सारखी असली तरच पहिला टाका मारायचा. नाहीतर वाकडेपणा कायमचा शिवला जातो.

वाचकांना वाटेल, दिवाळी अंकात हे मोटारीचे पुराण कशाला? पण खर्च कोठे होतो ते यावरून कळते. तिप्पट दरातले लोखंड आणि रॉड यांचे पैसे अगदी किरकोळ. बाकीचे सगळे पैसे उघडणे, खरवडणे, मोजणे, थांबणे आणि तपासणे यांचे असतात. म्हणजे जे दिसणार नाही त्याचे असतात. स्वस्तातला दर त्याच गोष्टी गाळून तयार होतो.

काटकसरीची प्रामाणिक वाट मात्र आहे आणि ती मिस्त्रींनीच दाखवली. सीटा, गालिचे मी घरीच काढून न्यायचे, कारण त्यांना मिस्त्री लागत नाही. चिखल आणि सैल गंज मी खरवडायचा. दोन-तीन ठिकाणी दर विचारायचे, पण विचारताना "किती घेता?" एवढेच न म्हणता "त्यात काय काय करता?" हेही विचारायचे. आधी जिवाचे काम करायचे, शोभेचे नंतर. दारांचा रंग पुढच्या वर्षावर गेला तर कोणाचे बिघडत नाही. चासीचा नंबर कोरलेली जागा घासू द्यायची नाही. दुरुस्ती आणि बदल यांत फरक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला मूळ घडण बदललेली चालत नाही, तेव्हा शंका असल्यास आधी आरटीओला विचारायचे.

नव्या गाड्यांच्या बाबतीत त्यांनी हातच जोडले. तिथे कित्येक भाग फार कडक जातीच्या पोलादाचे असतात आणि चुकीच्या जागी आच लागली तर ते मऊ पडते. शिवाय पुढचा भाग टक्कर झाल्यावर चुरगळावा म्हणूनच केलेला असतो. बेला बारेन्यी या इंजिनियराची ही कल्पना १९५९ साली मर्सिडीज गाडीत प्रथम आली. तो भाग चुरगळतो म्हणून आतला माणूस वाचतो. तिथे आपल्या अकलेने पट्टी ठोकणे म्हणजे माणसाने घ्यायचा मार वाढवणे. असे काम बनवणाऱ्याच्या पुस्तकाप्रमाणेच व्हायला हवे.

आता ती जुनी गोष्ट. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक लहान मोटार होती. तिच्या दाराखालची पट्टी गंजून पोकळ झाली होती. बोटाने दाबले तर पोपडे पडत. गाडी विकायची ठरली तेव्हा मी ती रस्त्याकडेच्या एका कारागिराकडे नेली. त्याने खरा खर्च सांगितला. मी म्हणालो, "एवढं कशाला? विकायचीच आहे." त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. मीही विचारले नाही. दोन दिवसांनी गाडी आली. कुजक्या पत्र्यावर पातळ पत्रा, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. आणि रंग सुरेख बसला होता.

घ्यायला एक तरुण शिक्षक आले. बरोबर पत्नी आणि तिच्या कडेवर वर्षाचे मूल. त्यांना गाडीतले फारसे कळत नव्हते. उगीच जाणत्यासारखे त्यांनी खाली वाकून त्या पट्टीवरून हात फिरवला आणि विचारले, "सर, पत्रा चांगला आहे ना?"

मी म्हणालो, "आत्ताच काम करून घेतलं आहे."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. युधिष्ठिराच्या वाक्यातही नव्हता. अश्वत्थामा मेला होता. नर की कुंजर, तेवढे हलक्या आवाजात राहिले. तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे महाभारत सांगते. लहानपणी मला ही शिक्षा फारच सौम्य वाटे. नुसता रथ टेकला, एवढेच? आता तसे वाटत नाही. रथ पहिल्यासारखाच चालत राहिला आणि युद्धही जिंकले गेले. फक्त आपण वर होतो, आता खाली आहोत, हे ज्याचे त्याला कळत राहिले.

मी स्वतःची समजूत बरीच वर्षे घालत आलो. वेल्डिंग मी केले नव्हते. आत काय केले ते मला कारागिराने सांगितले नव्हते. पण मला माहीत नव्हते असे म्हणणे आणि माहीत होऊ नये अशी मी व्यवस्था केली होती असे म्हणणे, यांत अंतर आहे. कारागिराने लबाडी केली असे आपण सहज म्हणतो. त्या लबाडीची ऑर्डर मात्र गिऱ्हाईक देते. जो फक्त दिसणाऱ्याचे पैसे मोजतो, त्याला फक्त दिसणारे मिळते. मग कारागिराला नीतीचे पाठ देण्याचा अधिकार त्याला उरत नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशी म्हण आपण कौतुकाने सांगतो. ती मूठ उघडायची पाळी कोणावर येणार, हे त्या म्हणीत नाही.

ती पाळी कधीकधी फार भयंकर रीतीने येते. १९८० सालच्या २७ मार्चला उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत अलेक्झांडर किलँड नावाचा तरंगता तळ उलटला. तेलविहिरींवरचे कामगार त्यावर राहत. २१२ माणसांपैकी १२३ गेली. तळाच्या पायाला धरून ठेवणारी एक पोलादी नळी वादळात तुटली, मग तिच्या सोबतच्या तुटल्या आणि पायच निखळला. तपास करणारे मूळ शोधत एका क्षुल्लक जोडापाशी पोहोचले. पाण्यातले आवाज टिपणारे एक उपकरण बसवण्यासाठी त्या नळीवर एक लहानसा भाग वेल्ड केला होता. तो काही भार वाहणारा नव्हता, म्हणून त्याचा जोड कोणी मनावर घेतला नसावा. त्या जोडाच्या तड्यात आत रंग सापडला. म्हणजे तळ समुद्रात जाण्याआधीच, बांधणीच्या वेळी, तडा तिथे होता आणि त्याच्यावरून ब्रश फिरला होता.

रंगवणाऱ्याला तो दिसला की नाही, कोण सांगणार? कदाचित त्याला फक्त रंगवायला सांगितले असेल. पण ही हकीगत वाचल्यापासून मला रंगाची भीती वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. चार दिवस आणि तिप्पट पैसे मला परवडतात. वडापची गाडी चालवणाऱ्याने काय करायचे? त्याची गाडी चार दिवस उभी राहिली तर चूल चार दिवस अडते. मग नीती ही ऐपतवाल्यांचीच चैन का?

मी मिस्त्रींना हे विचारले. ते म्हणाले, "असली गिऱ्हाइकं रोज येत्यात की. त्यास्नी मी सांगतो, तडा आधी नीट करू, त्यात सूट न्हाई. बाकीचं पुढच्या महिन्यात. तवर माणसं कमी भर, घाटात जाऊ नको." आणि काय राहिले आहे ते ते खडूने त्याला दाखवून ठेवतात. "न्हाई झालं ते न्हाई झालं म्हणून सांगायला काय पैसं पडतात व्हय, सर?"

मला वाटते, सगळा प्रश्न यात आला. अपुरे काम आणि खोटे काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अपुरे काम गरिबाचे असू शकते, श्रीमंताचेही. त्यात लाज नाही. आपण सगळेच आयुष्यभर अपुरी कामे करून ठेवतो. पण अपुऱ्यावर पुऱ्याचा रंग चढवला की ते खोटे होते. त्या रंगाचे पैसे आपण देतो आणि जोखीम मात्र न विचारता दुसऱ्याच्या नावावर करतो. ज्याला कमी परवडते त्याने कमी करावे. पण काय राहिले ते उघडे ठेवावे. खडूची रेघ ओढायला सगळ्यांनाच परवडते.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड हवी, असे त्यांनी तिथे समजावले आणि त्या आतल्या कर्माला 'विकर्म' म्हटले. मिस्त्रींनी ती प्रवचने वाचली आहेत की नाही, मी विचारले नाही. ग्राइंडरचा आवाज चालू होता.

मी टिकाऊ काम सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: "रंगाच्या आधी बघून जावा." गेलो. त्यांनी जोडावर लाल द्रव लावला, थोडा वेळ थांबून पुसून काढला आणि वर पांढरी पूड फवारली. कुठे चीर राहिली असेल, तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर कुंकवाच्या रेघेसारखा उमटतो. आम्ही दोघे खाली वाकून पाहत राहिलो. एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ आली. मिस्त्री काही बोलले नाहीत. तेवढा जोड त्यांनी उकरला, पुन्हा भरला, पुन्हा लाल, पुन्हा पांढरे. या वेळी पांढरे पांढरेच राहिले. मग रंग, आणि पोकळ तुळईच्या आत गंजू नये म्हणून मेणाचा फवारा.

त्या रात्री मी जुनी वही काढून त्या शिक्षकांचा नंबर शोधला. बारा वर्षांत तो बदलला असेल अशी थोडी आशाही होती, हे कबूल करतो. तो बदललेला नव्हता. गाडी त्यांनी चार वर्षे चालवली होती आणि मग भंगारात दिली. काही झाले नव्हते. ते म्हणाले, "खालचा पत्रा कुजला होता सर. पण तुम्हाला तरी काय ठाऊक असणार!"

इथे मला सुटता आले असते. मी म्हणालो, "मला ठाऊक होतं."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "मुलगा आता तेरा वर्षांचा आहे." एवढेच. त्यांनी क्षमा केली की नाही, मला कळले नाही. विचारण्याचा हक्क मला नव्हता.

थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली 'नैतिक दैव' असा एक विषय चर्चेला आणला. नेगेल यांच्या एका उदाहरणात ब्रेक न तपासलेला ट्रकचालक आहे. मूल रस्त्यात आले तर तो जन्माचा अपराधी. न आले तर त्याच हयगयीबद्दल कोणी त्याला हटकतही नाही. हयगय दोन्हीकडे तेवढीच. माझ्या वाटेत मूल आले नाही. मूल माझ्याच गाडीत बसले होते आणि चार वर्षे सुखरूप उतरत राहिले. ती दैवाची कृपा, माझ्या खात्यावर ती जमा धरता येत नाही.

जीप आता अंगणात आकाशकंदिलाखाली उभी आहे. दारांचा रंग अजून पोपडलेला आहे. येणारे-जाणारे म्हणतात, अहो, जरा रंगवून तरी घ्या. पुढच्या वर्षी पाहू. रंग देण्याआधी मी त्या जोडाचे फोटो काढले आणि मिस्त्रींनी काय केले, काय राहिले ते एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवले. कधी तरी ती दुसऱ्या कोणाकडे जाईल. तो वाकून चासीवरून हात फिरवील आणि विचारील. त्या वेळी मी असलो-नसलो तरी तो कागद तिथे असेल.